फोम कॅनन

फोम कॅनन हे प्रेशर वॉशरच्या, म्हणजे उच्च दाबाने पाणी फवारणाऱ्या यंत्राच्या, बंदुकीला जोडून साबणाच्या द्रावणाचा दाट फेस तयार करणारे आणि तो पृष्ठभागावर पसरवणारे उपकरण आहे. त्याला फोम लान्स असेही म्हणतात. त्यातून पडणाऱ्या पांढऱ्या थराला स्नो फोम हे नाव रूढ आहे. मोटारगाडी हाताने घासण्यापूर्वी तिच्यावरील सुटी धूळ, वाळू व चिखल भिजवून खाली उतरवणे हा त्याचा मुख्य उपयोग होय. अग्निशमनासाठी फेस फवारणाऱ्या तोफांना आणि समारंभांत फेस उडवणाऱ्या यंत्रांनाही कधीकधी हेच नाव दिले जाते. त्यांची रचना व रसायने वेगळी असून प्रस्तुत लेख मोटार धुण्याच्या उपकरणापुरता मर्यादित आहे.

फेस जितका जाड तितकी गाडी स्वच्छ, असा सर्वसाधारण समज आहे. जाहिराती व चित्रफितींमुळे तो दृढ झाला असला तरी तो बरोबर नाही. पाण्याचा प्रवाह, कॅननमधील छिद्राचा व्यास, द्रावणाचे प्रमाण, पाण्याचा कठीणपणा आणि फेस पृष्ठभागावर ओला राहण्याचा काळ या गोष्टींवर खरा परिणाम अवलंबून असतो. फेसानंतरची हाताची धुलाई टाळता येत नाही. तिच्यातून होणारे नुकसान मात्र फेसामुळे बरेच कमी होते.

उद्देश

आधुनिक मोटारीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारणतः ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या व्यासाहूनही कमी असते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झ म्हणजे गारगोटीचे कण असतात आणि मोहस मापनश्रेणीवर त्यांची कठीणता ७ आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील फेल्स्पार व पायरोक्सीन ही खनिजे साधारण ५ ते ६.५ या पातळीवर येतात. क्लिअर कोट या सर्वांपेक्षा मऊ असतो. असे कण फडक्याखाली सापडून घासले गेले की रंगावर सूक्ष्म चरे पडतात. उन्हात किंवा दिव्याच्या प्रकाशात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार दिसतात. पॉलिश करून ते घालवता येतात, परंतु प्रत्येक वेळी क्लिअर कोटचा थोडा भाग कायमचा निघून जातो.

भारतीय शहरांतील गृहसंकुलांत पहाटे एक बादली पाणी आणि एक फडके घेऊन ओळीने गाड्या पुसण्याची पद्धत सर्वत्र आढळते. पाण्याची बचत हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. मात्र पहिल्या गाडीची धूळ त्याच फडक्यातून पुढच्या गाडीवर जाते, आणि ओले फडके कोरड्या धुळीवरून फिरताना पॉलिशपेपरचेच काम करते. दोन-तीन वर्षे रोज अशी पुसलेल्या काळ्या वा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर हे परिणाम स्पष्ट दिसतात. फोम कॅननचे मूल्य या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते: जेवढे कण स्पर्शापूर्वी निघून जातील, तेवढे घासताना फडक्याखाली येणार नाहीत.

रचना व कार्यतत्त्व

उपकरणाचे मुख्य भाग पितळेचा मध्यखंड, त्याखाली साधारणतः १ लिटरची प्लास्टिकची बाटली, बाटलीत बुडणारी शोषनळी, मध्यखंडातील पोलादी तारांच्या जाळीची गुंडाळी आणि पुढचे नोझल हे होत. मध्यखंडाच्या माथ्यावरील फिरकी द्रावण किती ओढले जावे हे ठरवते. नोझल फिरवले की फवारा अरुंद धारेपासून रुंद पंख्यापर्यंत बदलतो.

यंत्रातून आलेले पाणी प्रथम सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून जाते. मार्ग अरुंद झाल्यामुळे तेथे पाण्याचा वेग वाढतो व दाब घटतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरी (१७४६–१८२२) यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम होय. घटलेल्या दाबामुळे बाटलीतील द्रावण शोषनळीतून वर ओढले जाते, तसेच बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून हवाही आत येते. पाणी, द्रावण व हवा यांचे मिश्रण जाळीच्या गुंडाळीतून ढकलले गेले की मोठे बुडबुडे फुटून असंख्य बारीक बुडबुडे तयार होतात. ऊर्जेचा मोठा भाग येथेच खर्च होत असल्याने बाहेर पडणाऱ्या फेसाला जोर फारसा नसतो. तो कॅननमधून सुटून पृष्ठभागावर अलगद बसतो.

बाजारात ही उपकरणे प्रामुख्याने १.१ मिलिमीटर व १.२५ मिलिमीटर अशा दोन छिद्रमापांत मिळतात. ताशी ४०० लिटरच्या आसपास पाणी देणाऱ्या घरगुती विजेच्या यंत्राला लहान छिद्र अधिक चांगले जुळते, तर जास्त प्रवाहाच्या यंत्राला मोठे. छोट्या यंत्रावर मोठे छिद्र लावले तर पाण्याला पुरेसा वेग मिळत नाही, हवा कमी ओढली जाते आणि फेसाऐवजी दुधाळ पाणी पडते. याउलट मोठ्या यंत्राला फार लहान छिद्र लावल्यास मागचा दाब वाढतो आणि यंत्र आपोआप थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. कंपनीचे नाव बदलून सुटत नाहीत अशा तक्रारी पुष्कळदा हे छिद्र बदलून सुटतात. इटलीतील पी.ए. कंपनीचे एलएस३ आणि एमटीएम हायड्रो या अमेरिकी कंपनीचे पीएफ२२ ही या क्षेत्रातील परिचित प्रारूपे आहेत. स्वस्त उपकरणांपैकी बरीचशी अशाच घडणीची असतात.

फोम गन हे यासारखेच दिसणारे पण बागेच्या नळीला थेट जोडायचे उपकरण आहे. नळाचा दाब अपुरा असल्याने त्यातून पातळ फेस येतो. भारतातील वॉशिंग सेंटरमध्ये दिसणारी फोम टाकी आणखी वेगळी: पोलादी टाकीत साबणाचे द्रावण भरून कॉम्प्रेसरची हवा सोडतात व नळीवाटे फेस बाहेर पडतो. तिथे दाब हवेचा असतो, त्यामुळे पाणी कमी लागते आणि फेस बराच घट्ट येतो.

इतिहास

फेसाने स्वच्छता करण्याची पद्धत मोटारींच्या हौशी निगेपूर्वीची आहे. दुग्धशाळा, मांसप्रक्रिया केंद्रे व अन्नप्रक्रिया कारखान्यांत उभ्या भिंती आणि यंत्रे धुण्यासाठी ती वापरली जाते, कारण पातळ द्रावण लगेच ओघळून जाते, तर फेस काही मिनिटे चिकटून राहतो. जर्मन उद्योजक आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाई यंत्र तयार केले. त्यांच्या कंपनीने १९८४ मध्ये एचडी ५५५ हे घरगुती वापराचे सुटसुटीत यंत्र आणल्यावर प्रेशर वॉशर कारखान्याबाहेर सामान्य घरांत पोहोचू लागला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधील मोटार-निगेच्या हौशी वर्तुळांत ‘स्नो फोम’ हा शब्द रुळला आणि तेथून हे उपकरण इतरत्र पसरले.

फेसाचे रसायन

कार शाम्पूतील मुख्य घटक पृष्ठक्रियाकारके हे असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर दुसरे तेलकट पदार्थाकडे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. पृष्ठक्रियाकारकांमुळे तो निम्म्याहून खाली येऊ शकतो. त्यामुळे पाणी मळाच्या थराखाली शिरते व कण पृष्ठभागापासून सुटतात. सोडियम लॉरिल ईथर सल्फेट हा भरपूर फेस देणारा ऋणायनी घटक आणि कोकामिडोप्रोपिल बेटेन हा फेस टिकवणारा सहघटक अनेक शाम्पूंत आढळतो.

फेस म्हणजे पातळ द्रवपटलांनी विभागलेली हवा. जिथे तीन पटले मिळतात तिथे द्रवाच्या बारीक वाहिन्या बनतात. बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ जोझेफ प्लातो यांनी साबणाच्या पटलांचा अभ्यास करून त्यांच्या रचनेचे नियम १८७३ मध्ये मांडले. या वाहिन्याही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. गुरुत्वाकर्षणामुळे द्रव या वाहिन्यांतून सतत खाली झिरपत असतो. मळ भिजवण्याचे व वाहून नेण्याचे काम हा झिरपणारा द्रव करतो. बुडबुड्यातील हवा काही करत नाही. म्हणून दाढीच्या साबणासारखा कोरडा, घट्ट फेस तासभर चिकटून राहिला तरी खालच्या धुळीला त्याचा फारसा उपयोग नसतो. फार पातळ फेस क्षणात घसरून जातो. गाडीच्या दारावरून सावकाश, मिनिटा-दोन मिनिटांत सरकत जाणारा आणि खाली पडताना मातकट झालेला ओलसर फेस सर्वांत कामाचा समजावा.

द्रावणाचे प्रमाण

शाम्पूच्या बाटलीवर ‘एकास दहा’ असे लिहिलेले असते तेव्हा ते प्रमाण कॅननच्या बाटलीतील आहे की गाडीवर पडणाऱ्या फेसातील, हे पाहणे आवश्यक असते. दोन्हींत मोठा फरक आहे, कारण बाटलीतील द्रावण यंत्रातून येणाऱ्या बऱ्याच जास्त पाण्यात मिसळते.

प्रत्यक्ष प्रमाण काढण्याची सोपी रीत अशी. कॅननच्या बाटलीत १ लिटर साधे पाणी भरावे, फिरकी नेहमीच्या स्थितीत ठेवावी आणि बाटली रिकामी होईपर्यंत एका मोठ्या बादलीत फवारावे. बादलीत जमलेले पाणी मोजावे. समजा यंत्राचा प्रवाह मिनिटाला ६ लिटर आहे आणि बाटली रिकामी व्हायला २ मिनिटे लागली, तर बादलीत १२ अधिक १ असे १३ लिटर पाणी जमेल. आता बाटलीत १०० मिलिलिटर शाम्पू व ९०० मिलिलिटर पाणी घातले, तर गाडीवर पडणाऱ्या फेसात शाम्पूचे प्रमाण १३,००० मिलिलिटरला १००, म्हणजे सुमारे ०.७७ टक्के होईल. फिरकी अधिक उघडून तीच बाटली १ मिनिटात रिकामी केल्यास एकूण पाणी ७ लिटर व शाम्पूचे प्रमाण सुमारे १.४ टक्के होते. म्हणजे शाम्पू तेवढाच, पण फिरकीच्या एका वळणाने तीव्रता जवळजवळ दुप्पट झाली. एकाच शाम्पूविषयी दोन वापरकर्त्यांची मते टोकाची का असतात, याचे उत्तर बहुधा या हिशेबात सापडते.

सौम्य शाम्पू जरा जास्त पडल्यास पैशाचा अपव्यय आणि धुवायला अधिक पाणी एवढेच नुकसान होते. तीव्र अल्कधर्मी द्रव्यांच्या बाबतीत मात्र प्रमाण चुकणे महागात पडते. सामू ७ च्या आसपास असलेले उदासीन शाम्पू मेणाचा वा सिरॅमिकचा संरक्षक लेप असलेल्या गाडीसाठी योग्य ठरतात. अल्कधर्मी स्नो फोम तेलकट थर अधिक चांगला काढतो, परंतु तो मेणाचा लेप कमी करतो आणि खिडकीभोवतीच्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरे डाग पाडू शकतो. भांडी घासण्याचा द्रव साबण वंगण काढण्यासाठी बनवलेला असल्यामुळे मेणही उतरवतो. कपडे धुण्याची पावडर तर वापरूच नये: तिच्यात सहसा धुण्याचा सोडा असतो आणि न विरघळलेले कण कॅननच्या जाळीत अडकतात.

पाणी

मराठी पाठ्यपुस्तकांत कठीण पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, आणि या उपकरणाच्या संदर्भात तो शब्द अगदी नेमका आहे. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साध्या साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवतात. आधुनिक पृष्ठक्रियाकारके ही अडचण बऱ्याच अंशी सोसतात, तरी फेस काहीसा कमी होतोच. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात) असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. महाराष्ट्रात बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी बरेच दुष्फेन असते. धरण-तलावांतून येणारे नळाचे पाणी सामान्यतः त्याहून मृदू असते. एकच शाम्पू व एकच यंत्र असूनही नळाच्या आणि बोअरच्या पाण्यावर वेगळा फेस येणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

यावर उपाय म्हणून काही जण कॅननच्या बाटलीत आरओचे शुद्ध पाणी घालतात. वरच्या उदाहरणातील हिशेब पाहिल्यास त्याचा फायदा मर्यादित असल्याचे लक्षात येते: १३ लिटरपैकी १२ लिटर पाणी यंत्रातूनच, म्हणजे मूळ स्रोतातून, आलेले असते. त्याउलट आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी गाडीसाठी जपून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ते पाणी मूळ पाण्याहूनही अधिक क्षारयुक्त असते. चाके, चाकांवरील कमानी व पहिल्या धुण्यासाठी ते चालते. शेवटच्या धुण्यासाठी वापरले तर वाळल्यावर काचांवर व रंगावर चुन्यासारखे पांढरे ठिपके उरतात. गाळून साठवलेले पावसाचे पाणी शेवटच्या धुण्यासाठी उत्तम असते.

दुसरी अडचण पुरवठ्याची. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो: १० मीटर उंचीला साधारण १ बार. एकमजली घरात टाकीचा तळ नळापेक्षा ४ मीटर उंच असला तर दाब जेमतेम ०.४ बार मिळतो. पंपाला लागणारे पाणी नळीतून तितक्या वेगाने आले नाही, तर पंपात पोकळ्या निर्माण होतात, धार तुटक येते, फेस विरळ होतो आणि पंपाची सीले झिजतात. १० लिटरची बादली त्या नळीने मिनिटभरात भरत असेल तर बहुतेक घरगुती यंत्रांना पुरवठा पुरेसा समजावा. भरत नसेल तर स्वयंशोषक यंत्र मोठ्या टबातून चालवणे अधिक बरे. बोअरच्या पाण्यात वाळू येत असल्यास यंत्राच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर आवश्यक आहे.

वापराची पद्धत

गाडी सावलीत उभी करून इंजिन थंड होऊ देतात. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून ऊब जाणवत असेल तर थांबणे योग्य. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर फेस दोन-तीन मिनिटांत वाळतो, आणि वाळलेल्या शाम्पूचे डाग मूळ धुळीपेक्षा त्रासदायक ठरतात. सकाळ किंवा सूर्यास्ताची वेळ त्यासाठी बरी. चाके आधी वेगळ्या ब्रशने धुतात, कारण ब्रेकची काळी धूळ रंगावर उडणे इष्ट नसते. विजेवर चालणाऱ्या गाडीचे चार्जिंगचे झाकण बंद असल्याची खात्री करावी लागते. प्रेशर वॉशरची वीजजोडणी अर्थिंग व गळती-संरक्षक स्विच असलेल्या सॉकेटवरच असली पाहिजे, कारण काम करणारा माणूस ओल्या फरशीवर उभा असतो.

फेस कोरड्या गाडीवर मारावा की ओल्या, याविषयी मतभेद आहेत. कोरड्या पृष्ठभागावर द्रावण आणखी पातळ होत नाही, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे. थंड, ओलसर हवेच्या देशांत, जिथे गाडीवर धुळीपेक्षा तेलकट थर अधिक असतो, तिथे ते पटण्यासारखे आहे. बांधकामाची धूळ, शेतरस्त्याची माती किंवा कोकणातील जांभ्याची लाल माती बसलेल्या गाडीवर मात्र आधी नुसत्या पाण्याने सुटा थर उतरवणे अधिक शहाणपणाचे ठरते; अन्यथा फेसाचा बराचसा भाग तो थर भिजवण्यातच खर्च होतो. फेस मारण्यापूर्वी पाणी निथळू दिले की दोन्ही बाजूंचा हेतू साधतो.

कॅनन पृष्ठभागापासून सुमारे एक ते दीड मीटर अंतरावर धरून, फवारा पंख्यासारखा रुंद ठेवून, एकावर एक थोडे चढणारे पट्टे मारतात. खालच्या भागावर मळ सर्वाधिक असल्याने तिथून सुरुवात करून छताकडे जाण्याची पद्धत प्रचलित आहे. त्यामुळे खालच्या फेसाला अधिक वेळ मिळतो आणि वरून ओघळणारा फेस त्याला ओले ठेवतो. तीन ते पाच मिनिटे फेस तसाच राहू देतात. तो कुठे वाळू लागला तर घड्याळाकडे न पाहता ताबडतोब धुवावा. उन्हाळ्यात एका वेळी अर्धीच गाडी फेसाळून धुणे सोयीचे. या मधल्या वेळात मऊ ब्रशने खिडक्यांच्या रबरी कडा, इंधनाच्या टाकीचे झाकण, नंबरप्लेटभोवतीची जागा व आरशांचे सांधे साफ करता येतात. त्यानंतर छताकडून खाली या क्रमाने स्वच्छ पाण्याने फेस उतरवतात.

या टप्प्यावर गाडी स्वच्छ दिसू लागते, पण ओल्या बॉनेटवर बोट फिरवले तर राखाडी पुसट थर बोटाला लागतो. अतिसूक्ष्म कण, टायर व इंधनाच्या धुराचा तेलकट अंश पृष्ठभागाला इतके घट्ट चिकटलेले असतात की हलक्या स्पर्शाविना ते सुटत नाहीत. ‘स्पर्शरहित धुलाई’ असे वर्णन उदासीन शाम्पूच्या बाबतीत म्हणूनच अतिशयोक्त ठरते. पुढील धुलाई दोन बादल्यांनी करतात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळून काढण्यासाठी साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा जोर न देता सरळ रेषेत, वरून खाली फिरवतात आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात धुतात. काही जण या वेळी फेसाचा दुसरा पातळ थर मारून तो वंगणासारखा वापरतात. शाम्पू घसरडा असेल तर ही रीत चांगली आहे. पक्ष्यांची विष्ठा, डांबराचे थेंब, झाडाचा चीक व महामार्गावर चिकटलेले किडे फेसाने निघत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी द्रव्ये लागतात. शेवटी गाडी मऊ, जाडसर टॉवेलने टिपून कोरडी करतात. धुतल्यावर ब्रेकच्या चकत्या ओल्या असल्याने सुरुवातीला सावकाश चालवून ब्रेक एक-दोनदा हलके दाबणे सुरक्षित असते.

दोष व देखभाल

पूर्वी चांगला फेस देणारा कॅनन हळूहळू पातळ फेस देऊ लागला, तर संशयाचे पहिले स्थान जाळीची गुंडाळी. वाळलेला शाम्पू आणि कठीण पाण्यातील चुना तिच्यात साचतो. गुंडाळी काढून पातळ व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात काही वेळ भिजवून, खळखळून धुतली की बहुधा काम होते. तार गंजली वा दबली असेल तर ती बदलतात. फेस अचानक बंद झाल्यास शोषनळी मध्यखंडातून निसटली आहे का, तिच्या टोकाची जाळी तुंबली आहे का, आणि हवेचे छिद्र मोकळे आहे का, हे पाहावे लागते. बाटलीचे तोंड व मध्यखंड यांमधील रबरी वॉशर फाटल्यास द्रावण गळते.

प्रत्येक वापरानंतर बाटलीत स्वच्छ पाणी घालून अर्धा मिनिट फवारणे, ही एकच सवय वरील बहुतेक दोष टाळते. उरलेला शाम्पू बाटलीत तसाच ठेवणे हे जाळी तुंबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

पाण्याचा खर्च व सांडपाणी

मिनिटाला ६ लिटर देणाऱ्या यंत्राने सुरुवातीचे धुणे २ मिनिटे, फेस २ मिनिटे, फेस उतरवणे ३ मिनिटे आणि शेवटचे धुणे ३ मिनिटे धरल्यास ६० लिटर पाणी होते. दोन बादल्यांचे २५ ते ३० लिटर मिळवल्यास एकूण ८५ ते ९० लिटर. मिनिटाला १२ लिटर देणारी उघडी नळी १५ मिनिटे चालू ठेवली तर १८० लिटर लागतात. नळीच्या तुलनेत ही बचत असली, तरी एका बादलीने गाडी पुसण्याच्या तुलनेत हा खर्च कित्येक पट आहे, आणि उत्पादकांच्या जाहिरातींत दुसरी तुलना सहसा नसते. रंगाचे रक्षण व पाण्याची काटकसर यांत येथे खरा संघर्ष आहे. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीत दर आठवड्याला फेसाची धुलाई करणे समर्थनीय ठरत नाही. तिथे विनाखळबळ धुलाईचा पर्याय वापरता येतो: वंगणयुक्त द्रव्य मिसळलेल्या बादलीभर पाण्यात अनेक मायक्रोफायबर फडकी भिजवून, एका भागासाठी एक फडके या हिशेबाने गाडी पुसतात व नंतर पाणी मारत नाहीत. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ही पद्धत लागू पडत नाही.

टंचाईच्या काळात प्रशासनही हस्तक्षेप करते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड जाहीर केला होता. जर्मनीत अनेक नगरपालिका भूजल दूषित होऊ नये म्हणून रस्त्यावर किंवा उघड्या मातीवर गाडी धुण्यास मनाई करतात. तिथे तेल-विलगक बसवलेल्या धुलाई केंद्रांतच गाडी न्यावी लागते.

गाडीवरून वाहणाऱ्या पाण्यात पृष्ठक्रियाकारकांबरोबर वंगण, ब्रेकच्या धुळीतील धातू आणि टायरचे सूक्ष्म कण असतात. भारतीय शहरांत पावसाळी गटारांचे पाणी पुष्कळदा प्रक्रियेविना नाल्यात व नदीत जाते, आणि पृष्ठक्रियाकारके जलचरांना अपायकारक असतात. आळंदी येथे इंद्रायणीच्या पात्रावर वारंवार दिसणारा पांढरा फेस मुख्यतः घरगुती व औद्योगिक सांडपाण्यामुळे येतो. गाड्यांची धुलाई हा त्याचा प्रमुख स्रोत नव्हे, परंतु फेस धरणारी रसायने त्याच कुळातील आहेत. जैवविघटनशील, फॉस्फेटविरहित शाम्पू निवडल्याने हा भार कमी होतो, पण नाहीसा होत नाही. मलनिस्सारण वाहिनीला जोडलेल्या फरशीवर गाडी धुतल्यास निदान ते पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाण्याची शक्यता राहते.